आइझूचा लीगबाहेरचा सामना

शनिवारी सकाळी सहाच्या आत मी निशी-कसाई स्टेशनच्या फलाटावर उभी होते. हातात बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, पाठीवर सॅक, सॅकमध्ये कपड्यांचा एक जोड, चार पेन्सिली आणि स्कोअरची वही. एवढ्या सकाळी या फलाटावर दोनच प्रकारची माणसं असतात, रात्रपाळी संपवून घरी जाणारी आणि गोल्फला निघालेली. मी दोन्हींत बसत नव्हते, म्हणून गोल्फवाल्या एका आजोबांनी माझ्या डब्याकडे दोनदा पाहिलं.

मी निघाले होते आइझू-वाकामात्सुला. तोक्योच्या उत्तरेला, डोंगरांच्या पलीकडे वसलेलं हे गाव. लोक तिथे किल्ला पाहायला जातात, गरम पाण्याच्या झऱ्यांत बसायला जातात. मी जात होते एका लहानशा कॉलेजच्या मुलांचा बास्केटबॉलचा सामना बघायला. तोही लीगबाहेरचा, म्हणजे ज्याचा निकाल कुठल्याही तक्त्यात लिहिला जात नाही असा.

हे कसं झालं ते सांगायला हवं. ग्योतोकुच्या पुढे नदीकाठी हे कॉलेज आहे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी तिथून चालत जात होते, जिमचं दार उघडं होतं आणि आतून लाकडी जमिनीवर बूट घासल्याचा आवाज येत होता. पुण्यातल्या आमच्या शाळेत मी टीमची स्कोअरर होते. खेळायची नाही, नुसती लिहायची. तो आवाज ऐकून मी आत शिरले आणि शेवटच्या बाकावर बसले. तीन रविवार अशीच बसले. चौथ्या रविवारी एका बाईंनी काही न बोलता आपल्या शेजारी एक उशी ठेवली आणि तिच्यावर दोनदा थापटलं. त्या नोनाका-सान. त्यांची कॉलेजच्या मागे लाँड्री आहे आणि टीमच्या जर्सी त्याच धुतात.

या टीमचे नेमाने येणारे चाहते आम्ही तीन. नोनाका-सान, मी आणि कानेको-सान. कानेको-सानांचं वय चौऱ्याहत्तर. तरुणपणी ते याच कॉलेजकडून खेळले. "खेळलो म्हणजे बाकावर बसलो," असं ते स्वतःच सांगतात. "पण बाक उत्तम होता."

आमच्या या तिघांच्या मंडळाला एकच नियम आहे, आणि तो कानेको-सानांनी घातलेला. खेळाडूला त्याच्या खेळाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. टाळ्या वाजवायच्या आणि सशीइरे (खेळाडूंसाठी नेलेला खाऊ) द्यायचा. बाकी तोंड बंद. फार वर्षांपूर्वी एका मुलाचे दोन फ्री-थ्रो चुकले आणि सामना गेला. कानेको-सानांनी त्याला दाराशी गाठून अगदी प्रेमाने सांगितलं, बाळ, गुडघे थोडे जास्त वाकव. मुलाने वाकून आभार मानले आणि पुढच्या आठवड्यापासून तो आलाच नाही. तेव्हापासून हा नियम. मला तो फार सोयीचा वाटला होता. लोकांशी न बोलण्याचं इतकं सन्माननीय कारण मला आधी कधी मिळालं नव्हतं.

उएनो स्टेशनवर टीम भेटली. बससाठी पैसे नसल्याने टीमही साध्या गाड्या बदलत बदलतच जाते. सात जुने खेळाडू, तीन नवे, आणि कोच, जे एरवी गणित शिकवतात. सगळ्यांनी मला वाकून "ओहायो गोझाइमास" केलं. मी डबा सांभाळत वाकले.

त्या सात अधिक तीन या हिशेबातच सगळा जीव अडकला होता. कॉलेजचा नियम असा की क्लबात दहा सभासद नसतील तर तो क्लब राहत नाही, हौशी गट होतो. हौशी गटाला जिम मिळत नाही. बॅडमिंटनवाले जिमच्या वेळेवर डोळा ठेवून होते. दहा नावं बुधवारपर्यंत द्यायची होती. नवे तिघे अजून कारी-न्यूबूवर (तात्पुरत्या सभासदत्वावर) होते. खेळून बघायचं, आवडलं तर फॉर्मवर सही करायची, नाहीतर नमस्कार. तिघांपैकी एक जरी गळला तरी क्लब संपला.

पहिली गाडी उत्सुनोमियापर्यंत. मुलं डब्याच्या एका टोकाला झोपली, आम्ही तिघं दुसऱ्या टोकाला. आणि गाडी सुटताच दर वर्षीचा वाद सुरू झाला.

"एप्रिलमधल्या सामन्यांना काही अर्थ नसतो," कानेको-सान म्हणाले. "लीग ऑगस्टअखेर सुरू होते. तेव्हा सगळे शून्यापासून. एप्रिलमध्ये कोण जिंकलं ते कोण विचारतो?"

"मग तुम्ही पाच गाड्या बदलून कशाला चाललात?" नोनाका-सान म्हणाल्या.

"हवापालटाला."

"हवापालटाला माणूस टीमच्या रंगाचा मफलर घालत नाही."

कानेको-सानांनी मफलर कोटाच्या आत सरकवला. मग हळूच म्हणाले, "आइझूत मी एकोणीस वेळा गेलोय. जिंकताना एकदाही पाहिलं नाही." थोड्या वेळाने त्यांनीच विषय वळवला. मागच्या आठवड्यात योकोहामाच्या कॉलेजने आम्हाला झोडपलं होतं, त्याचं कारण त्यांच्या मते कोचने नव्या मुलांना फार खेळवलं. नोनाका-सानांच्या मते कारण उलट होतं. नव्यांना पुरेसं खेळवलंच नाही, म्हणून ते बाकावर गारठले.

"लीगचे सामने जिंकायला असतात," त्या म्हणाल्या. "हे सामने माणसं मिळवायला असतात. या तिघांना उद्या खेळवलं नाही तर बुधवारी कोण सही करेल? तुझं काय म्हणणं आहे, केताकी-सान?"

माझं नाव केतकी. 'केताकी' हे मी दोन वर्षांपूर्वीच मान्य केलं आहे. मी म्हटलं, दोघांचंही पटतं. दोघंही माझ्याकडे निराश होऊन बघायला लागले.

कुरोइसोपर्यंत भातशेती होती, अजून पाणी न सोडलेली, करड्या रंगाची. त्यापुढे गाड्या लहान होत गेल्या. दहा डब्यांच्या, मग पाच, मग दोन. कोरियामाला आम्ही उतरलो तेव्हा हवेत खरा गारठा होता. तिथे क्रीम बॉक्स नावाचा पदार्थ मिळतो. जाड पावाच्या तुकड्यावर घट्ट, गोड, दुधाळ मलई थापलेली, बस्स. दिसायला अगदीच बिचारा. नोनाका-सानांनी एक घेऊन तिघांत वाटला आणि खाल्ल्यावर आम्ही तिघांनीही बोटं चाटली.

कोरियामालाच माझी फजिती झाली. आइझूची गाडी लागली होती. मी दारापुढे शहाण्यासारखी उभी राहिले, दार उघडायची वाट बघत. बाकी सगळे पुढच्या दाराने चढले. शिट्टी झाली. दार बंदच. काचेतून आतल्या एक आजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी शेवटी हात लांब करून आतलं बटण दाबलं आणि दार उघडलं. थंडीमुळे या भागातल्या गाड्यांची दारं प्रवाशांनीच बटण दाबून उघडायची असतात.

"तोक्योहून आलीस ना?" आजी म्हणाल्या. "तिकडे दारं स्वतःच उघडतात. त्याने माणूस आळशी होतो."

मी माफी मागितली. "सास्केने," त्या म्हणाल्या (काही हरकत नाही, असं इकडच्या बोलीत). मग त्यांनी मला उजव्या बाजूच्या खिडकीशी बसवलं आणि का बसवलं ते तासाभरात कळलं. एक वळण संपलं आणि बांदाइ डोंगर पूर्ण समोर आला. माथ्यावर अजून बर्फ, खाली शेतांत बर्फाचे तुकडे राहिलेले, जणू कुणी पांढऱ्या चादरी वाळत घातल्या आणि काही उचलायच्या राहिल्या. पलीकडे टोकाला बसलेली मुलंही जागी होऊन काचेला चिकटली. एकच जण डोंगराकडे बघत नव्हता. तो बुटाच्या नाडीशी खेळत होता. नव्या तिघांपैकी एक, कुराता. टीममध्ये सर्वांत बुटका. इतर दोन नवे एकमेकांशी सतत बोलत, हा मात्र विचारलं तरच बोलायचा. अशा माणसाकडे माझं लक्ष आपोआप जातं.

त्या संध्याकाळी टीम यजमान कॉलेजच्या वसतिगृहात राहिली आणि आम्ही तिघं एका छोट्या सराईत. जेवायला एका जुन्या देंगाकुच्या दुकानात गेलो. मध्ये निखाऱ्यांची चौकट, भोवती बाक. काठीला टोचलेले तांदळाचे मऊ गोळे, टोफूचे जाड तुकडे आणि अरवीचे छोटे कंद, त्यांवर गोडसर मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा) लेप देऊन निखाऱ्याशी उभे रोवतात. मी हेरिंग माशाची काठी नको म्हटली तर मालकीणबाईंनी कारण न विचारता तिच्या जागी अरवीची दुसरी रोवली. जपानमध्ये मला हे नेहमी आवडतं.

"बास्केटबॉल?" त्यांनी विचारलं. "आमची मुलं उद्या तुम्हाला हरवणार."

"एकोणीस वेळा हरवलंय," कानेको-सान म्हणाले. "तुमच्या मुलांनाही आता कंटाळा आला असेल."

"विजयाचा कंटाळा आलेला माणूस मी अजून पाहिला नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या काठीवर मिसोचा जास्तीचा लेप दिला, सांत्वन म्हणून.

रविवारी सकाळी दहाला सामना. जिम प्रशस्त, पण थंड. चार कोपऱ्यांत रॉकेलचे स्टोव्ह धगधगत होते आणि यजमानांचे चाहते त्यांच्याभोवती जमलेले. त्यांचा म्होरक्या कानेको-सानांच्याच वयाचा, गळ्यात टॉवेल.

"कानेको! यंदाही साध्या गाडीने?" तो ओरडला. "हरायला इतकं हळू यायची काय गरज आहे?"

"तुमच्या मुलांना म्हातारं व्हायला वेळ देतो," कानेको-सान म्हणाले.

आम्ही बसलो. मी वही उघडली.

माझी लिहायची पद्धत शाळेतली आहे. आमचे साळवी सर पी.टी. शिकवायचे. मी बोलत नाही हे बघून ते एकदा म्हणाले होते, "जी बोलत नाही, ती बघते. वही घे." त्यांनी मला एक जास्तीची खूण शिकवली होती. बास्केट झाली की ज्याने टाकली त्याचे गुण तर लिहायचेच, पण ज्याच्या पासमुळे ती वाट उघडली त्याच्या नावापुढे एक छोटा त्रिकोण काढायचा. शेवटचाच पास असं नाही, कधी कधी त्याच्या आधीचा. तो कुठला हे बघणाऱ्याने ठरवायचं. छापील स्कोअरशीटवर त्रिकोणाला जागा नसते. तिथे फक्त गुण आणि फाऊल.

कोचने नव्यांना पहिल्या मिनिटापासून उतरवलं. नोनाका-सानांनी कानेको-सानांकडे पाहिलं. कानेको-सानांनी छताकडे पाहिलं.

अर्ध्यापर्यंत आम्ही नऊ गुणांनी मागे होतो. आइझूचा सेंटर इतका उंच होता की आमचा कर्णधार ओनो, जो चौथ्या वर्षाला आहे आणि चांगला उंच आहे, त्याच्या खांद्याशी बोलत होता. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये काहीतरी हलायला लागलं. आमचे इतर दोन नवे एकदम मोकळे सापडायला लागले. एकाने कोपऱ्यातून तीन गुणांची टाकली, मग दुसऱ्याने सरळ बास्केटखाली जाऊन. आइझूवाले चक्रावले. हे मोकळे सुटतात कसे? माझी पेन्सिल मात्र एकाच ओळीवर परत परत जात होती. ३१ नंबर, कुराता. त्रिकोण. त्रिकोण. त्रिकोण. तो चेंडू हातात ठेवतच नव्हता. आला की पुढे, आणि जिथे कुणी नाही असं वाटतं तिथे पुढच्या क्षणी आमचा माणूस असायचा.

शेवटच्या मिनिटात एका गुणाने आम्ही मागे. चेंडू कुराताकडे. तो स्वतः मोकळा होता, समोर कुणी नाही. सगळ्या जिमला वाटलं आता टाकणार. त्याने टाकला नाही. मागे न बघता तो चेंडू त्याने डावीकडे सोडला, तिथून तो ओनोकडे, आणि ओनोने वळून घातला. मग आइझूचा शेवटचा फटका रिंगवर आपटून बाहेर आला आणि भोंगा वाजला.

जिंकलो. एका गुणाने.

मी उभी राहून ओरडले असं नोनाका-सान सांगतात. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की कानेको-सान बसूनच होते, टाळ्या वाजवायचंही विसरले होते, आणि चष्मा काढून मफलरने पुसत होते. पुसून डोळ्यांवर लावला, स्कोअरबोर्ड वाचला, पुन्हा काढून पुसला. टॉवेलवाले म्हातारबुवा मैदान ओलांडून आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले.

"विसावी वेळ ना?" ते म्हणाले.

"विसावी."

"पुढच्या वर्षी बुलेट ट्रेनने ये. तेवढी ऐपत आता तुझी झाली." आणि दोघं हसायला लागले.

खरा घोळ त्यानंतर झाला. कॉरिडॉरमध्ये स्कोअरशीटची प्रत चिकटवली होती. मुलं तिच्यासमोर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. दोन्ही नव्यांच्या नावापुढे भरघोस गुण. दोघांनी तिथेच ओनोला सांगितलं, फॉर्म द्या. म्हणजे नऊ झाले. कुराता मागे उभा होता. त्याच्या नावापुढे गुण शून्य, फाऊल चार.

आइझूच्या फलाटावर गाडीची वाट बघताना तो दुसऱ्या नव्या मुलाला सांगत होता. मी जवळच्या खांबामागे होते. चोरून ऐकत नव्हते, पण हललेही नाही.

"उद्या ओनो-सानना सांगतो. मी नाही राहत."

"वेडा आहेस का? जिंकलो ना!"

"तुम्ही जिंकलात. दहा जणांत माझ्या एकट्याच्या नावापुढे काही नाही. नुसती जिम वाचवायला सही करायची, हे बरं नाही वाटत."

माझ्या सॅकमध्ये ते पान होतं. अकरा त्रिकोण. आणि आमचा नियम होता, खेळाडूला खेळाबद्दल एक शब्द नाही. खरं सांगायचं तर नियम नसता तरी मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले असते का, मला माहीत नाही. जपानीत नीट वाक्य जुळवेपर्यंत माझे कान लाल होतात. मराठीतही होतात.

गाडी सुटली. बांदाइ आता डाव्या हाताला होता, पण मी बघितला नाही. मी विचार करत होते की टाळ्या आणि खाऊ यांना परवानगी आहे. टाळ्यांची वेळ गेली. खाऊ उरला होता.

आपल्याकडे भेळ, दाणे, भजी ज्या कागदात येतात तो कागद माणूस वाचतोच. अर्धी बातमी का असेना, तेल लागलेली का असेना. खाऊन झालं की पुडी उलगडायची आणि वाचायची, हे मला इतकं स्वाभाविक वाटत होतं की मी दुसरा विचारच केला नाही. वहीतलं ते पान फाडलं. डब्यात उरलेल्या लाडवांपैकी एक त्यात गुंडाळला, लिहिलेली बाजू आत. बाकीच्यांना रुमालांतून दिले आणि कुराताला पुडी.

"बेसनाचा," मी म्हटलं. "डाळीचं पीठ."

"किनाकोसारखं (भाजलेल्या सोयाबीनच्या पिठासारखं) लागतं," एक जण म्हणाला. कुराताने हळूहळू, एकही कण न सांडता लाडू खाल्ला. "गोचिसोसामा (खाण्याबद्दल आभार)," तो म्हणाला आणि वाकला. मग त्याने कागद न उलगडता घडी घातली. तिची आणखी घडी. मग आणखी एक, काड्यापेटीएवढी. उठला, चालत नोनाका-सानांकडे गेला, त्यांच्या कचऱ्याच्या पिशवीत, जळणाऱ्या कचऱ्याच्या भागात, ती घडी व्यवस्थित टाकली आणि जागेवर येऊन डोळे मिटून बसला.

इथल्या स्टेशनांवर कचऱ्याचे डबे फारसे नसतात, म्हणून माणसं कचरा बरोबर वागवतात. आमच्या प्रवासात ती पिशवी नोनाका-सानांची. इतकी शिस्तशीर माणसं, कचऱ्यातला कागद उघडून बघतील कशाला? दुसऱ्याने दिलेल्या कागदात काही लिहिलेलं असेल तर ते वाचणं इथे उद्धटपणाच ठरलं असतं. मी खिडकीबाहेर बघत बसले. एकाच चालीत मी सामन्याची नोंदही घालवली होती आणि सभासदही.

कोरियामाला पुढच्या गाडीला वेळ होता. सगळे फलाटाच्या बाकांवर पसरले. नोनाका-सानांनी पिशवी मांडीवर घेतली आणि कचरा नीट लावायला लागल्या. बाटल्या वेगळ्या, झाकणं वेगळी, प्लॅस्टिक वेगळं. त्यांच्या हातात ती घडी आली. त्यांनी ती उलगडली.

"तुम्ही कचरा वाचता?" कानेको-सान म्हणाले.

"तीस वर्षं लोकांचे खिसे तपासतेय. तपासल्याशिवाय हातातून काही सुटत नाही." त्यांनी तुपाने पारदर्शक झालेला कागद उजेडाकडे धरला. "केताकी-सान, हे तुझ्या वहीतलं पान आहे. आजच्या सामन्याचं. चुकून गेलं का?"

सगळे बघायला लागले. मी "हो" म्हणाले असते तर विषय तिथेच संपला असता. तोंडात आलंच होतं. मी म्हटलं, "नाही."

कानेको-सानांनी कागद घेतला. चष्मा वर केला. "हे गुण. हे फाऊल. आणि हे त्रिकोण कसले? ३१ च्या पुढे तर त्रिकोणांची रांग लागली आहे."

आता मी काहीच बोलले नसते तर तो उद्धटपणा झाला असता. मी सांगितलं. वाक्यं तुटकी होती. वाट ज्याने उघडली त्याचा त्रिकोण. पास, किंवा त्याच्या आधीचा पास. एकूण अकरा. टीममध्ये सर्वांत जास्त. शेवटच्या बास्केटचा पण.

कुराता उठून उभा होता. कानेको-सानांनी कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि मला दिसलं की त्यांना आपला नियम आठवला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि शेवटी कागद सरळ त्याच्यासमोर धरला.

कुराताने दोन्ही हातांनी तो घेतला. खूप वेळ बघितला. बोट एकेका त्रिकोणावरून सरकत होतं. मला वाटलं तो मोजतोय.

"हा चूक आहे," तो म्हणाला.

"कुठला?" मी विचारलं.

"तिसऱ्या क्वार्टरमधला शेवटून दुसरा. तो पास ओनो-सानचा होता. मी नुसता बाजूला झालो."

"बाजूला झालास म्हणून तर तो आडदांड तुझ्यामागे गेला," ओनो म्हणाला. "नाहीतर मला पास द्यायला दिसलं काय असतं?"

"पण पास तुमचा."

"पास माझा, वाट तुझी. इथे वाटेचं लिहिलंय. ऐकलं नाहीस का?"

"मग चौथ्याच्या सुरुवातीला एक राहिलाय," कुराता म्हणाला. "त्यांच्या माणसाला आडवा उभा राहून स्क्रीन लावला होता मी. तो धरला तर पुन्हा अकराच." आणि हे बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. माझ्यापेक्षाही.

मी त्याला पेन्सिल दिली. त्याने बाकावर टेकून, फार जपून, एक त्रिकोण खोडला आणि एक काढला. मग पेन्सिल परत न देता ओनोकडे वळला.

"फॉर्म आहे का अजून?"

ओनोने सॅक अशी उलटी केली की मोजे फलाटावर पडले. माझ्या लाडवांच्या डब्याचं झाकण फॉर्मखाली धरून कुराताने सही केली. बाकीच्या नऊ जणांनी जो ओरडा केला त्याने समोरच्या फलाटावरचा स्टेशनमास्तर धावत कडेपर्यंत आला. कोच वाकून वाकून त्याची माफी मागत होते आणि वाकलेले असतानाच हसत होते.

"नियम मोडला," कानेको-सान गंभीरपणे म्हणाले.

"कोणी मोडला?" नोनाका-सान म्हणाल्या. "कागद कचऱ्यात होता. कचऱ्याला तुमचा नियम लागत नाही."

कानेको-सानांनी थोडा विचार केला. मग पाकीट काढत ते खालच्या दुकानाकडे निघाले आणि परत आले ते चौदा क्रीम बॉक्स घेऊन. सामना जिंकल्यावर त्यांनी एक टाळी वाजवली नव्हती. ती आता वाजवली, पिशव्या काखेत धरून, एकट्यानेच, बराच वेळ.

पुढच्या गाड्यांमध्ये कुणी झोपलं नाही. पुढच्या शनिवारी सैतामाच्या कॉलेजशी सामना आहे, तोही लीगबाहेरचाच, आणि कुराता ओनोला त्यांच्या डावखुऱ्या खेळाडूबद्दल प्रश्न विचारत होता. एवढे प्रश्न की शेवटी ओनोने टोपी तोंडावर ओढली. ते पान कुराताने फॉर्मबरोबर ओनोच्या फाइलमध्ये ठेवायला दिलं. माझ्या वहीत आता योकोहामाच्या पराभवानंतर एक फाटकी कड आहे.

ओतेमाचीहून तोझाइ लाइन. दिवेलागण होऊन गेली होती. गाडी खच्चून भरलेली, म्हणून मी लाडवांचा डबा पोटाशी धरून दाराजवळ उभी राहिले. माझं स्टेशन आधी येतं, बाकी सगळे पुढे ग्योतोकुला जातात. निशी-कसाईला उतरून मी दोन पावलं गेले आणि काहीतरी वाटून मागे वळले.

गर्दीत जमेल तशी, खांद्याला खांदा लावून, ती सगळी मुलं दाराशी उभी होती. इथे गाडीत मोठ्याने बोलत नाहीत. ओनोने नुसती मान हलवली आणि सगळे एकदम कंबरेतून वाकले. बाजूचे प्रवासी मागे सरकले. मीही वाकले, हातातल्या डब्यासकट, झाकण वाजलं. दार बंद झालं आणि गाडी निघून गेली.

जिना उतरताना मला वाटलं, कानेको-सानांचं म्हणणं खरंच आहे. ऑगस्टमध्ये सगळे शून्यापासून सुरू करतील आणि आइझूच्या या सामन्याचं कुणी नावही काढणार नाही. तक्त्यात तो नसेल. पण ज्यांना तक्ता भरायचा आहे ती माणसं असल्याच सामन्यांत सापडतात, आणि सापडायला लांब जावं लागतं, दारं स्वतःहून उघडत नाहीत अशा गाड्यांनी. खाली भाजीच्या दुकानातल्या आमच्या गुजराती काकांनी विचारलं, "सुट्टी झाली? किल्ला पाहिला का?"

"नाही पाहिला," मी म्हटलं. "आम्ही जिंकलो."

कोण, कुठे, कशात, हे त्यांनी विचारलं, आणि मी तिथेच उभी राहून त्यांना सगळं सांगितलं.